केकवरचा सिंह आणि त्याचे डोळे

वाढदिवसाचा केक हा आरोग्याच्या सदराचा विषय कसा, असे काही वाचकांना वाटेल. पण अलीकडे दवाखान्यात येणाऱ्या आया ताप-खोकल्याचे बोलून झाले की मोबाईलवर एक चित्र दाखवतात. छोट्या छोट्या कपकेकचा मिळून केलेला सिंह, कासव, सुरवंट किंवा घुबड. मग विचारतात, “डॉक्टर, पिंट्याच्या वाढदिवसाला घरी असा केक करायचाय. चालेल ना?”

चालेल. नुसते चालेल असे नाही, एका मोठ्या केकपेक्षा अशा छोट्या केकचा प्राणी मला डॉक्टर म्हणून जास्त पसंत आहे. त्याची कारणे पुढे सांगतो. मात्र एक अट आहे. प्राण्याचे डोळे, नाक, मिशा आणि दात कशाचे करायचे, हे आधी ठरवा आणि प्राणी नंतर निवडा. लहान मुलाला केकमधल्या साखरेपेक्षा या डोळ्यांचा धोका मोठा असतो.

छोटे केक का बरे?

पहिले कारण, प्रमाण. मोठ्या केकचा तुकडा कापणाऱ्याच्या हातावर अवलंबून असतो आणि प्रेमाने कापलेला तुकडा नेहमीच मोठा असतो. कपकेक एक म्हणजे एक. आईला आधीच ठाऊक असते की मुलाच्या पोटात किती जाणार.

दुसरे कारण, मेणबत्ती. दिवा फुंकून विझवणे आपल्या घरांतल्या आज्यांना कधीच रुचले नाही. त्यांचे कारण वेगळे होते, पण शास्त्रानेही त्यांना दुजोरा दिला आहे. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. केकवरच्या आयसिंगवर मेणबत्त्या लावून त्या फुंकायला लावल्या, तेव्हा न फुंकलेल्या आयसिंगच्या मानाने तेथे सरासरी चौदा पट जास्त जंतू सापडले. निरोगी मुलाच्या फुंकरीने कोणी लगेच आजारी पडत नाही. पण उत्सवमूर्तीला सर्दी-खोकला असेल तर त्याचा प्रसाद सगळ्यांना कशाला? कपकेकच्या प्राण्यात मेणबत्ती एकाच केकवर लावता येते. तो केक ताटलीत वेगळा ठेवून फुंकायचा आणि त्यानेच खायचा. तुपाच्या निरांजनाने औक्षण करून मेणबत्तीला फाटाच दिलात, तर फारच उत्तम.

तिसरे कारण, सुरी लागत नाही आणि दहा हात एका केकला लागत नाहीत.

साखरेचे काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी असावी. ५ टक्क्यांच्या आत राहिल्यास अधिक चांगले. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० उष्मांक लागतात असे धरले, तर ही मर्यादा सुमारे ३२ ग्रॅम होते. खाली दिलेल्या कृतीतल्या एका केकमध्ये सुमारे १५ ग्रॅम साखर येते. म्हणजे एका केकने आभाळ कोसळत नाही. मात्र त्यासोबत थंड पेयाचा पेला आणि निघताना टॉफीची पुडी दिली, की हिशेब चुकतो. केकबरोबर पाणी, ताक किंवा बिनसाखरेचे लिंबूपाणी द्या.

साखर खाल्ली की मुले उधळतात, हा समज मात्र सोडून द्यावा. या विषयावरच्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा १९९५ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला आणि त्यात हा समज खरा ठरला नाही. वीस मुले, फुगे आणि गाणी एका खोलीत आली, तर ती साखरेशिवायही उधळणारच.

दोन वर्षांखालील बाळाला वरची साखर देऊच नये. केक कोणाचाही असो, त्याला कुस्करलेले केळे द्या. एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नका. मधात असणाऱ्या एका जंतूच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम नावाचा, स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो.

खरा धोका : घशात अडकणाऱ्या वस्तू

केकवरच्या प्राण्याला डोळे म्हणून काय लावतात? रंगीत चॉकलेटच्या गोळ्या, अख्खी द्राक्षे, चेरी. दात म्हणून शेंगदाणे किंवा काजू. मिशा म्हणून दात कोरायच्या काड्या. साळिंदराचे काटे म्हणून बदामाचे काप. यातली जवळजवळ प्रत्येक वस्तू चार-पाच वर्षांखालील मुलाला धोक्याची आहे.

कारण समजून घ्या. लहान मुलाची श्वासनलिका अरुंद असते. मागच्या दुधाच्या दाढा दोन ते पावणेतीन वर्षांच्या सुमारास येतात आणि कठीण वस्तू नीट दळून खाण्याची सवय त्यानंतर हळूहळू लागते. त्यात वाढदिवसाला मूल पळत, हसत, ओरडत खात असते. हसताना खोल श्वास आत ओढला जातो आणि तोंडातला दाणा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जातो. द्राक्ष तर गुळगुळीत, गोल आणि लवचीक. ते नळीत बुचासारखे बसते.

काही वर्षांपूर्वी तीन वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. पंधरा दिवस खोकला, दोनदा औषध बदललेले. छाती तपासली तर एका बाजूला हवा कमी जात होती आणि त्याच बाजूला शिट्टीसारखा आवाज. मी विचारले, “काही खाताना ठसका लागला होता का?” आई म्हणाली, “वाढदिवसाला लागला होता, पण लगेच थांबला.” त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथे भूल देऊन दुर्बिणीने उजव्या बाजूच्या श्वासनलिकेतून अर्धा शेंगदाणा काढला. मुलगा बरा झाला. पण ठसका थांबला म्हणजे वस्तू बाहेर पडली असे नव्हे, हे प्रत्येक आईने लक्षात ठेवावे. खाताना जोराचा ठसका लागला आणि नंतर खोकला किंवा शिट्टी राहिली, तर डॉक्टरांना त्या ठसक्याबद्दल आवर्जून सांगा.

फुग्यांचेही तसेच. फुटलेल्या फुग्याचा तुकडा मुले तोंडात धरून ओढतात. तो घशाला चिकटून श्वास कोंडतो. फुगा फुटला की तुकडे लगेच उचला.

रंग आणि चमक

भारतात खाण्यासाठी ८ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि सर्वसाधारण मर्यादा तयार पदार्थाच्या एका किलोला १०० मिलिग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहावा हिस्सा. गडद लाल, निळा किंवा काळा प्राणी करायचा तर घरी अंदाजाने घातलेला रंग ही मर्यादा सहज ओलांडतो. सुटा, पुडीतला, लेबल नसलेला रंग तर घेऊच नये. कापड रंगवायचा ऱ्होडामाइन-बी हा गुलाबी रंग सापडल्यामुळे तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘म्हातारीच्या केसां’वर बंदी घातली होती.

परवानगी असलेल्या रंगांबद्दलही थोडे सांगतो. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाने २००७ साली काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचे मिश्रण मुलांना देऊन पाहिले. काही मुलांची चंचलता थोडी वाढल्याचे आढळले. परिणाम मोठा नव्हता. तरीही युरोपात २०१० पासून त्या सहा रंगांच्या पदार्थांवर तशी सूचना छापावी लागते.

चमकीची गोष्ट याहून गंभीर. २०१८ साली अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. केकवर सोनेरी भुकटीचा थर होता. ती सजावटीची भुकटी होती, खाण्याची नव्हती, आणि तिच्यात तांबे भरपूर होते. डबीवर ‘विषारी नाही’ असे लिहिलेले असणे आणि ती वस्तू खाण्याजोगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घटकपदार्थांची यादी नसेल तर ती डबी दुकानातच राहू द्या.

कॅरमच्या सोंगट्यांचा सिंह

आता प्राणी. मी सिंह सुचवतो, कारण त्याला पिवळा आणि तपकिरी एवढेच दोन रंग लागतात आणि दोन्ही स्वयंपाकघरात मिळतात. मांडणी कॅरमसारखी. मध्ये राणी, तिच्याभोवती ६ सोंगट्या, त्यांच्याभोवती १२. एकूण १९. मधले ७ केक पिवळे, हा चेहरा. बाहेरचे १२ तपकिरी, ही आयाळ. सहा सेंटिमीटर रुंदीचे केक असतील तर सगळा सिंह ३० सेंटिमीटरच्या आसपास बसतो. घरातले मोठे ताट किंवा परात पुरते.

केकसाठी : मैदा १५० ग्रॅम, कणीक १५० ग्रॅम, पिठीसाखर १८० ग्रॅम, ताजे दही ४०० ग्रॅम, तेल १५० मिलिलिटर, बेकिंग पावडर २ सपाट चमचे, खायचा सोडा पाऊण चमचा, चिमूटभर मीठ, थोडी वेलचीपूड, लागेल तसे दूध.

वरच्या थरासाठी : घट्ट चक्का ४०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, केशराच्या काड्या, कोको पावडर ३ मोठे चमचे. डोळे-नाकासाठी आणखी १ मोठा चमचा कोको, २ चमचे पिठीसाखर आणि थेंब थेंब दूध.

आदल्या रात्री साधारण एक किलो दही स्वच्छ फडक्यात बांधून, चाळणीवर ठेवून फ्रिजमध्ये निथळू द्या. उन्हाळ्यात बाहेर टांगले तर ते आंबट होते. चक्क्याचे वजन कमी भरले तर साखरही त्या मानाने कमी करा.

मैदा, कणीक, बेकिंग पावडर, सोडा आणि मीठ दोनदा चाळून घ्या. दही, साखर आणि तेल वेगळे घुसळा. दोन्ही एकत्र करून हलक्या हाताने कालवा. फार फेटू नका, नाहीतर केक चिवट होतो. पीठ घट्ट वाटले तर थोडे दूध घाला. दह्यातले आम्ल आणि सोडा एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे लगेच सुटू लागतात. म्हणून कालवलेले पीठ ताटकळत ठेवू नये. दोन घाण्यांत करायचे असेल तर कोरडे आणि ओले दोन्ही निम्मे-निम्मे बाजूला ठेवा आणि दुसरा घाणा ऐनवेळी कालवा.

लहान वाट्यांत केकचे कागदी कप बसवून दोन तृतीयांश भरा. ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसला १८ ते २० मिनिटे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मिठाचा थर, त्यावर स्टँड, वर घट्ट झाकण. दहा मिनिटे तापवून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे. सुरीचे टोक खुपसल्यावर कोरडे निघाले की झाले. साधारण २० केक होतात. विसावा केक चव पाहण्यासाठी, म्हणजे घरच्यांची लुडबुड तेवढ्यावर भागते.

कागदी कप मिळाले नाहीत तर वाटीला तूप लावून मैदा भुरभुरावा. वर्तमानपत्राचा कागद वापरू नये. छपाईची शाई अन्नात उतरते आणि २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच आहे. हे पान वाचून कात्रण जरूर ठेवा, केकखाली मात्र घालू नका.

चक्क्यात साखर घालून फेटा. तिसऱ्या हिश्श्यात कोमट दुधात भिजवलेले केशर घाला. केशर नसेल तर चिमूटभर हळद चमचाभर तुपात कोमट करून घाला. हळद केकच्या पिठात मात्र घालू नका. सोडा अल्कधर्मी असतो आणि अल्क लागले की हळद लाल होते. आरतीच्या तबकात हळद-चुन्याचे पाणी लाल दिसते, त्याचे कारण हेच. उरलेल्या चक्क्यात कोको मिसळा.

केक पूर्ण गार झाल्यावरच थर लावा. मधल्या सातांवर पिवळा, बाहेरच्या बारांवर तपकिरी. तपकिरी थरावर काट्याने बाहेरच्या दिशेने रेघा ओढल्या की आयाळ झाली. आतले सहा केक असे ठेवा की दोन वर, दोन बाजूला, दोन खाली येतील. वरच्या दोहोंवर डोळे, मधल्यावर नाक, बाजूच्या दोहोंवर मिशा, खालच्या दोहोंवर तोंड. कोको, साखर आणि दुधाची घट्ट पेस्ट बटर पेपरच्या कोनात भरा आणि मेंदी काढतो तसे हे सगळे काढा. गोळी नको, दाणा नको, काडी नको. कान आयाळीत लपलेले असतात, त्यामुळे तेही नकोत.

किती वेळ बाहेर ठेवावा?

केक आदल्या दिवशी भाजून झाकून ठेवता येतो. चक्क्याचा थर कार्यक्रमाच्या दिवशी द्या आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. असा केक बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये; हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. चक्का आंबट असल्याने दुधाच्या क्रीमपेक्षा बरा टिकतो, पण नियम तोच पाळा. पाहुणे जमले की केक बाहेर काढायचा, फोटो पटकन काढायचे. मामा गाडीत आहेत म्हणून केक तासभर थांबवायचा नाही. दिवसभर वीज नव्हती तर थर देऊ नका. नुसता केकही मुले आवडीने खातात.

करणाऱ्याच्या बोटाला गळू, पिकलेली जखम किंवा पू झालेले नखुर्डे असेल तर हे काम दुसऱ्याकडे द्यावे. त्यातले स्टॅफिलोकोकस जंतू अन्नात विष सोडतात आणि ते विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून काही तासांतच उलट्या सुरू होतात.

कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याचे आयसिंग मुलांसाठी करू नका, त्यात साल्मोनेला जंतूंचा धोका असतो. फवाऱ्याचा फेसही घरात नको. तो उडवायचा वायू ज्वालाग्राही असू शकतो आणि समोर मेणबत्ती जळत असते.

पाहुण्या मुलांची चौकशी

बोलावणे करतानाच दुसऱ्या आईला विचारा, मुलाला दूध, अंडे, गहू, शेंगदाणा यांची ॲलर्जी आहे का. या सिंहात दूध आणि गहू आहेत, हेही सांगा. एखाद्या मुलाला मधुमेह असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर त्याला टाळू नका. केक किती वाजता आणि केवढा, हे त्याच्या घरी आधी कळवा. त्याप्रमाणे ते डोस ठरवतात. पंक्तीत बसलेल्या मुलाला एकट्याला “तुला नको” म्हणणे फार लागते.

अडकलेच तर

मूल जोरात खोकत असेल, रडत असेल, तर त्याला खोकू द्या. पाठीवर थापा मारू नका. पण आवाज फुटत नसेल, खोकला निःशब्द झाला असेल, ओठ निळे पडत असतील, तर क्षणही घालवू नका. एकाने १०८ ला फोन लावावा.

एक वर्षावरील मूल : पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके. उपयोग नाही झाला तर मागे उभे राहून बेंबीच्या वर, छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत आणि वर असे ५ झटके. वस्तू निघेपर्यंत आलटून पालटून हेच.

एक वर्षाखालील बाळ : हातावर पालथे, डोके खाली, पाठीवर ५ फटके. मग उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाबणे. बाळाचे पोट कधीही दाबू नये.

मूल बेशुद्ध पडले तर जमिनीवर उताणे ठेवून छातीवर दाब आणि तोंडाने श्वास देणे सुरू करा. घशात आंधळेपणाने बोट घालू नका, पाणी पाजू नका, भाताचा घास देऊ नका, पायाला धरून उलटे लटकवू नका. वस्तू निघाली आणि मूल खेळू लागले, तरी पोटावर झटके दिले असतील तर डॉक्टरांना दाखवा.

घरातल्या निदान दोन मोठ्या माणसांनी हा शेवटचा भाग आज मोठ्याने वाचून, उशीवर हात करून पाहावा. आणि वाढदिवसाला खाताना मुलांना सतरंजीवर बसवा. आधी खाणे, मग पळापळ. आमच्या लहानपणी पंगतीतून उठायला बंदी असे, ती यासाठीही उपयोगाचीच होती.

(पुढील आठवड्यात : शाळेचा डबा आणि मुलांचे पोट. वाचकांनी शंका कार्यालयाच्या पत्त्यावर पाठवाव्यात.)